लहान घर कोण बांधणार?

"भाऊ, वन बीएचके आता परवडत नाही," जळगावात पिंप्राळ्याकडच्या साइटवर बिल्डर म्हणाला. "जागेचा भाव तोच, लिफ्ट तीच, परवानगीची फाइलही तीच. मग लहान फ्लॅटमध्ये उरतं काय?"

हिशेब खोटा नाही. जमीन महागली की तो खर्च मोठ्या फ्लॅटमधूनच लवकर सुटतो.

पण माझ्या डोक्यात दालमिलमधले हमालच फिरत राहिले. जीएसटीच्या नियमात जळगावसारख्या शहरात ४५ लाखांपर्यंतचं, ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचं घर 'परवडणारं'. त्यावर कर १ टक्का, बाकीच्यांवर ५. चांगलंच आहे, पण ४५ लाख? रोजंदारीवरच्या माणसाला बँक एवढं कर्ज देईल का?

बिल्डरला दोष देऊन भागणार नाही. स्वस्त जमीन सरकारनेच द्यायला हवी. नगरसेवकांना हे आपण कधी विचारणार?