दूध कोण पितं?

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सातजण वागळे इस्टेटमध्ये एका मित्राच्या गाळ्यावर जमतो. खाली पावडर कोटिंगची भट्टी चालू असते, वर माळ्यावर आमचं टेबल. नव्या कंपन्यांची मुलं येतात, आपला धंदा समजावून सांगतात, आणि पटलं तर आम्ही आपापल्या खिशातले पाच-दहा लाख एकत्र करून भांडवल देतो. गेल्या चार वर्षांत या माळ्यावर ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या आणि मागाहून खोडता न येणाऱ्या डिजिटल खातेवहीवर चालणाऱ्या, गेमचे ३७ प्रस्ताव आले. त्यांतल्या तिघांना आम्ही पैसे दिले. पहिला पूर्ण बुडाला आणि त्याची फाइल मीच आग्रहानं पुढे नेली होती.

मी ठाण्यातल्या एका सहकारी बँकेत २२ वर्षं कर्ज विभागात काम केलं. गेम खेळायला मी पन्नाशीत शिकले. पण समोर बसलेला माणूस पैसे मागतोय, ते कुठून परत येणार हे शोधायचं, हे काम मला नवं नव्हतं.

आईचं गाव मुरबाडकडचं. तिकडे शेळ्या अर्धलीनं द्यायची रीत आहे. ज्याच्याकडे पैसा तो शेळी विकत घेतो, ज्याच्याकडे वेळ आणि रान तो ती सांभाळतो, होणारी करडं दोघांत निम्मी-निम्मी. माझी मामी अशा चार शेळ्या राखायची. २०१८ साली व्हिएतनामच्या स्काय मेविस कंपनीनं काढलेला ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा गेम मला भाच्यानं समजावून सांगितला, तेव्हा मला मामीच्या शेळ्याच आठवल्या. खेळायला तीन ॲक्सी, म्हणजे तीन डिजिटल प्राणी, विकत घ्यावे लागायचे. २०२१च्या मध्यात त्यांची किंमत शेकडो डॉलरवर गेली. फिलिपिन्समध्ये टाळेबंदीत काम गेलेल्या हजारो लोकांना ती परवडण्यासारखी नव्हती. मग ज्यांच्याकडे प्राणी होते ते ‘स्कॉलरशिप’ म्हणून ते खेळायला देऊ लागले, आणि रोजच्या कमाईची वाटणी होऊ लागली. हुबेहूब अर्धल.

कमाई व्हायची एसएलपी नावाच्या टोकनमध्ये, म्हणजे विकून पैसे करता येणाऱ्या डिजिटल नाण्यात. त्या टोकनचा गेममधला मुख्य उपयोग एकच होता: प्राण्यांची वीण करणं. झालेलं पिल्लू विकायचं नव्यानं येणाऱ्या खेळाडूला. इथपर्यंत ऐकल्यावर मी भाच्याला विचारलं, “अरे, मग यात दूध कोण पितं?” मामीच्या शेळीचं दूध घरात प्यायलं जायचं, लेंडी शेतात जायची, बोकड बाजारात जायचा आणि शेवटी कुणाच्या तरी ताटात यायचा. साखळीच्या टोकाला कुणीतरी असा होता की ज्याला शेळी पुढे विकायची नव्हती, खायची होती. ॲक्सीत जवळपास प्रत्येकाला करडूच विकायचं होतं. नवा गिऱ्हाईक येत होता तोवर चाललं. २०२१च्या मध्यात ३० सेंटच्या वर गेलेलं एसएलपी वर्षभरात एका सेंटच्या खाली आलं, आणि उधारीवर प्राणी घेतलेल्या माणसांच्या हातात चित्रं उरली.

तेव्हापासून कुठल्याही प्रस्तावात मी पहिल्यांदा हाच माणूस शोधते. परत काही मिळेल या आशेशिवाय, निव्वळ मजा येते म्हणून या गेममध्ये पैसे टाकणारा कोण आहे? नाटकाचं तिकीट काढणारा गडकरी रंगायतनच्या दारात पैसे परत मागत नाही. तसा प्रेक्षक गेमला हवा. तो नसेल, तर पुढच्या खेळाडूचे पैसे मागच्याला जातायत एवढंच त्या सगळ्या तक्त्यांचं सार निघतं.

गणपतीनंतरच्या एका शनिवारी दोघं आली. एक मुलगी, ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातली, आणि तिचा कॉलेजचा मित्र, घणसोलीचा. दोघं पंचविशीच्या आतबाहेर. त्यांचा गेम खाडीतल्या मासेमारीचा. भरती-ओहोटीची वेळ बघून होडी काढायची, पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा, निवटे, बोय, चिंबोरी जे मिळेल ते आणायचं, फाटलेलं जाळं विणायचं. होडी म्हणजे एनएफटी, ब्लॉकचेनवर एका मालकाच्या नावे नोंदलेली डिजिटल वस्तू, आणि पकडलेल्या माशांच्या बदल्यात टोकन. सादरीकरणात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं: ११,४०० वॉलेट. वॉलेट म्हणजे टोकन ठेवायचं डिजिटल पाकीट; एका पाकिटामागे एक खेळाडू, असं त्यातून सुचवायचं होतं.

बँकेत असताना मी स्टॉक तपासायला गाळ्यांवर जायची. मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट घेतलेल्यानं स्टॉक स्टेटमेंटमध्ये ६०० खोके लिहिले असतील तर पुढच्या रांगेत ६०० रचलेले दिसायचेच. मी मागच्या रांगेत शिरून बोटांच्या पेरांनी खोके वाजवून बघायची. भरलेला खोका ठप्प वाजतो, रिकामा ढप ढप. कानाला सवय झाली की चालता चालता कळतं.

ब्लॉकचेनची मला मनापासून आवडणारी गोष्ट हीच आहे की इथे खोके वाजवायला परवानगी लागत नाही. त्यांचा गेम पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर होता. (ही चेन मूळची आपल्या मुंबईतली, २०१७ साली मॅटिक नावानं सुरू झालेली. हे सांगताना मला अजूनही छान वाटतं.) पॉलिगॉनस्कॅन या वेबसाइटवर कुठल्याही वॉलेटचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा व्यवहार कुणालाही दिसतो. मी त्यांच्या काँट्रॅक्टच्या, म्हणजे चेनवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या, पत्त्यावरून ६० वॉलेट वाटेल तशी उचलली आणि एक-एक उघडून वहीत मांडत गेले. पहिल्यांदा गॅसपुरते, म्हणजे चेनवरच्या व्यवहाराच्या फीपुरते, पैसे कुठून आले, पहिला व्यवहार कधी, शेवटचा कधी. तिसाव्या नोंदीपर्यंत चित्र दिसायला लागलं होतं. ६०पैकी ४१ वॉलेटना पहिले पैसे एकाच पत्त्यावरून, दोन दिवसांच्या आत आले होते. सगळ्यांनी तीच तीन कामं त्याच क्रमानं केली होती, फुकट वाटलेलं टोकन घेतलं होतं आणि पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं.

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली. “मॅडम, हे आम्ही केलेलं नाही,” ती म्हणाली. माझा विश्वास बसला. त्यांनी टोकन वाटपाची मोहीम चालवली होती आणि शेकडो वॉलेट हाकणाऱ्या कुण्या एकानं ती लुटली होती. अशा मोहिमांत हे सर्रास होतं. पण ज्या आकड्यावर पैसे मागायचे तो आकडा आपण स्वतः वाजवून बघितलेला असावा, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. गाळणी लावल्यावर, पहिल्यांदा खेळून आठवड्यानंतर परत आलेले लोक उरले ६४०. मला तो आकडा ११,४००पेक्षा कितीतरी जास्त आवडला. त्या ६४० जणांना कुणी बोलावलं नव्हतं.

आता आमच्या बुडालेल्या पैशांविषयी, कारण त्याच चुकीतून माझा दुसरा प्रश्न आला. २०२२ साली आम्ही एका गेमला १२ लाख दिले. आम्हाला शेअर मिळाले ते इथल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे. टोकन मात्र परदेशातल्या एका फाउंडेशननं काढलं होतं. गेमचं नाव, टोकनचा खजिना, काँट्रॅक्टचे हक्क, सगळं त्या फाउंडेशनकडे. इथली कंपनी फक्त महिन्याला बिल लावून प्रोग्रामिंग करून द्यायची. टोकन वर गेलं तेव्हा आमच्या शेअरला त्यातलं काही मिळालं नाही, टोकन पडलं तेव्हा बिलं थांबली आणि कंपनी बंद झाली. त्या दोन संस्थांमधला करार मी मागितलाच नव्हता. गहाणखत न वाचता कर्ज मंजूर करण्यासारखं होतं ते, आणि त्यात माझ्या शब्दावर पैसे देणारे सहाजण होते. आता पहिल्याच भेटीत मी विचारते: टोकन कोण काढणार, ती संस्था कुठे नोंदलेली आहे, तिच्याकडून इथल्या कंपनीला काय मिळणार, आणि आम्ही नेमके कशाचे भागीदार. उत्तर तोंडी असेल तर पुढचं पान उलटत नाही.

तिसरी गोष्ट चाव्यांची. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दिवसाची रोकड त्याच संध्याकाळी जुळवल्याशिवाय कुणी घरी जात नाही. ॲक्सीचे पैसे एका चेनवरून दुसरीवर नेणाऱ्या रोनिन पुलाला ९ चाव्या, म्हणजे सही करायच्या गुप्त डिजिटल किल्ल्या, होत्या. पैसे हलवायला ५ पुरायच्या, आणि त्यातल्या ४ एकट्या स्काय मेविसकडे. २३ मार्च २०२२ला चोरांनी त्या चार आणि आणखी एक मिळवून ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम नेली. कंपनीला कळलं २९ मार्चला, तेही एका वापरकर्त्याला आपले पैसे काढता येईनात म्हणून. सहा दिवस रोकड जुळवली नव्हती! एफबीआयनं पुढे या चोरीमागे उत्तर कोरियाचा लाझारस गट असल्याचं सांगितलं. चोर कितीही मोठा असो, हे सहा दिवस मला बेचैन करतात. म्हणून मी विचारते की काँट्रॅक्ट बदलायचा अधिकार कुणाकडे आहे, किती सह्या लागतात, त्या सह्या करणारे एकाच खोलीत बसतात का. खाडीवाल्या मुलांचं उत्तर होतं: एकच चावी, घणसोलीच्या लॅपटॉपमध्ये.

आणि कायदा. ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा मंजूर झाला. त्यात पैसे किंवा पैशाच्या तोलाचं काही लावून, बदल्यात जिंकायच्या अपेक्षेनं खेळायच्या गेमवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, याला तिथे महत्त्व नाही. पैशाच्या तोलाचं म्हणजे काय, तर नाणी, टोकन, वस्तू यांचा उल्लेख व्याख्येतच आहे. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. होडी पैशानं घ्यायची, मासे पकडून टोकन मिळवायचं, टोकन विकून रुपये करायचे: ही रचना वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण समोर बसलेली दोघं माझ्या मुलाच्या वयाची होती. शिवाय २०२२पासून अशा टोकनच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, विक्रीवर १ टक्का टीडीएस वेगळा. निवटे पकडून महिन्याला २०० रुपये मिळवणाऱ्या खेळाडूला हे कोण समजावणार?

त्या दिवशी आम्ही पैसे दिले नाहीत. मी त्यांचा गेम फोनमध्ये घेतला. धाकटी बहीण नेरुळला असते, तिच्याकडे मी आठवड्यातून दोनदा ट्रान्स हार्बरनं जाते. वॉलेट न जोडता मी महिनाभर गाडीत खेळले. भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असताना पाण्याला ओढ कमी, तेव्हा पाग कुठे टाकायचा हे त्या मुलीनं आपल्या आजोबांकडून ऐकून गेममध्ये घातलंय. उधाणाला किनाऱ्याकडचं पाणी गढूळ होतं, जाळं वेगळ्या चालीनं ओढावं लागतं. तुर्भ्याला माझा पहिला जिताडा लागला आणि मी नेरुळला उतरायचं विसरून सीवूड्सपर्यंत गेले. टोकन शून्य असताना हे झालं.

मी तिला फोन केला. “तुमचा गेम चांगला आहे. टोकन काढून टाका.” तिची अडचण खरी होती. एका चेनकडून त्यांना अनुदान मिळणार होतं, आणि टोकन ही त्यातली अट. मी दोघांना घरी बोलावलं, पोहे केले आणि आम्ही हिशेब मांडला. ते अनुदान रुपयांत नव्हतं, त्या चेनच्याच टोकनमध्ये, चार हप्त्यांत, दीड वर्षात. पहिल्या हप्त्यापर्यंत त्या टोकनचा भाव निम्मा झाला, तर तिघा प्रोग्रामरचा पगार पाचव्या महिन्यात थांबत होता. भाव निम्मा होणं या बाजारात नवलाचं नाही. त्यापेक्षा सरकारच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडासारख्या योजना बघा, मी म्हटलं. २०२१च्या त्या योजनेत नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं होतं, आणि ते रुपयांत.

जानेवारीत दोघं पुन्हा माळ्यावर आली. टोकन गेलं होतं. होडी आता फक्त होडी होती, विकून पैसे करायची सोय नाही. ब्लॉकचेन त्यांनी एकाच ठिकाणी ठेवलं: मोठा मासा कुणी, कुठल्या दिवशी, किती वजनाचा पकडला याची कायमची नोंद. काँट्रॅक्टला आता तीन चाव्या, दोन सह्या, आणि तिसरी चावी त्यांच्या कॉलेजच्या प्राध्यापकांकडे. त्यांच्या यादीत एकही वॉलेट नव्हतं, आठवड्यानंतर परत येणाऱ्यांची संख्या होती: २,१००. कारखानदार मित्रानं विचारलं, “मग यात ब्लॉकचेन उरलं किती?” मुलगा म्हणाला, “काका, पुरतं तेवढं.” आम्ही १८ लाख दिले, गेमचं नाव आणि सगळे हक्क ज्या कंपनीकडे आहेत त्याच कंपनीच्या शेअरसाठी.

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. सोबत यूपीआयचा स्क्रीनशॉट, २९ रुपये. कुणीतरी आपल्या होडीचं शीड निळं करून घेतलं होतं. त्या निळ्या शिडाचा गेममध्ये काही फायदा नाही, मासा जास्त लागत नाही, ते कुणाला विकताही येत नाही. मी तिला विचारलं, ओळखीतलं कुणी आहे का. तिनं तपासून सांगितलं, नाही, कोल्हापूरचं कुणीतरी आहे, रोज रात्री जेवणानंतर खेळतं.