तुम्ही विचारलंत म्हणून: लेक नोकरीवाल्याला, मग सून शेतात कशी?

प्रश्न बहुतेक वेळा हसत हसत येतो. लग्नाच्या पंगतीत, बचत गटाच्या मीटिंगनंतर, परवा तर बँकेच्या रांगेत. "ताई, कांद्याच्या भावासाठी रास्ता रोकोला तुम्ही पुढे असता, आणि स्वतःची पोरगी पुण्याच्या कंपनीवाल्याला दिलीत? वर आता पोरासाठी शेतकऱ्याच्या घरात नांदायला तयार असलेली मुलगी शोधताय!" शेतकरी संघटनेतले एक जुने भाऊ तर तोंडावर म्हणाले, "भारतातली पोरगी इंडियात धाडलीत." संघटनेच्या भाषेत भारत म्हणजे खेडं, इंडिया म्हणजे शहर.

आजवर हसण्यावारी नेलं. आता एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. विचारालच म्हणा.

मला शेतीची लाज वाटत नाही, हे आधी ऐका. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं तेव्हा आईचं बोट धरून मी गेले होते. भाषणं डोक्यावरून गेली, पण एवढ्या बायका घर टाकून एका जागी बसू शकतात हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे लक्ष्मीमुक्तीचं वारं आलं. बायकोच्या नावावर जमीन करा, असं संघटनेचे नेते शरद जोशी गावोगाव सांगत फिरले. काही घरांनी केली. माझ्या सासरी "करू, करू" चाललं होतं, ते अजून चालूच आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर जातो, विक्रीची पट्टी ह्यांच्या नावाने फाटते, पैसे ह्यांच्या खात्यात पडतात. ह्यांचा स्वभाव वाईट आहे असं नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचा कांदा.

माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांपुढे दोन स्थळं होती. एक मास्तर, दुसरं सात एकर बागायत. वडिलांनी विहिरीत डोकावून पाणी पाहिलं आणि तिथल्या तिथे होकार देऊन आले. मास्तराला कोण पोरगी देतो, अशी तेव्हाची हवा. मलाही ते पटलं होतं. शेतकऱ्याच्या पोरींनीच शेतकरी नाकारला तर गावात राहील कोण, असं मी मैत्रिणींशी तावातावाने भांडायची. त्या भांडकुदळ पोरीला आज विचारावंसं वाटतं, की बाई, तू माहेरी लागणीला जायचीस ती कंटाळा येईपर्यंत. डिसेंबरच्या थंडीत गार पाण्याच्या वाफ्यात दिवसभर वाकून रोप टोचायचं, संध्याकाळी येऊन चूल पेटवायची, आणि रात्रीची लाईट असली की बिबट्याच्या भीतीने नवऱ्यासोबत बॅटरी धरून बांधावर उभं राहायचं, हे तुला कुठे माहीत होतं? पण तिचं म्हणणं खोटं होतं, असंही मला म्हणवत नाही. गावात राहील कोण, हा प्रश्न तिचा अजून तसाच आहे.

शिकलेली मंडळी सांगतात की देश पुढे जातो तशी माणसं शेतीतून बाहेर पडतात, हीच प्रगतीची रीत. असेल. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, आता तो पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. माणसं मात्र तेवढी बाहेर पडली नाहीत. काम करणाऱ्या शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास लोक अजून शेतीतच आहेत. महाराष्ट्रात 1970-71 साली एका खातेदाराकडे सरासरी सव्वाचार हेक्टर जमीन होती, 2015-16 ला ती 1.34 हेक्टर उरली. आणि बाहेर पडलं कोण, तेही बघा. 2023-24 च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या कामकरी पुरुषांपैकी निम्मेच शेतीत सापडले, बायका मात्र शंभरात सत्त्याहत्तर. म्हणजे प्रगती झाली आणि पुरुष एमआयडीसीत गेले, ड्रायव्हर झाले, प्लॉटिंगच्या धंद्यात शिरले. खुरपं आमच्या हातात राहिलं. बाईला शेतीतून बाहेर पडायची वाट आहे ती लग्नाची, आणि तीही एकदाच. त्या वाटेवर मी माझी लेक उभी केली तर मी गद्दार?

आता आक्कांचं सांगते. गावाला अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवटच पसरलं आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आत्याच्या घरी भाची देणं आमच्यात नवं नाही, उलट तो मान. त्यांचा मुलगा शेती करतो, चार एकर, निर्व्यसनी. माझ्या मुलीला लहानपणापासून त्याच्या नावाने चिडवत. त्यामुळे आक्का कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. त्या सप्टेंबरात आल्या. मी कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडत बसले होते. चार महिने साठवलेला उन्हाळ कांदा, पावसाळ्याची दमट हवा लागलेली. वरून टणक दिसतो, हातात घेतला की बोट आत जातं आणि पाणी मनगटापर्यंत ओघळतं. तो वास दोन वेळा अंघोळ केली तरी जात नाही. आक्कांनी पिशवी खांबाला अडकवली, पदर खोचला आणि समोर बसून निवडायला लागल्या. चांगला एका पाटीत, बारकी गोल्टी दुसरीत, सडका बाहेर. बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोरीचं काय ठरवलंस? माझ्याकडे दे."

मी म्हटलं, "तिचं शिक्षण चाललंय अजून."

"होऊ दे की. मी थांबते."

"तिला नोकरी करायची आहे, आक्का."

"आमच्याकडेही हायस्कूल आहे, पतसंस्था आहे. बघू काहीतरी."

मग मला टोलवाटोलवी करवेना. मी विचारलं, "आक्का, खरं सांगा, तुमच्या घरी येऊन ती काय करील?"

त्यांनी हातातला कांदा दाबून पाहिला, पाटीत टाकला. "आपण करतो ते."

"म्हणूनच नको," मी म्हटलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग तू आणि मी कोण गं?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांनी समोरचा ढीग पुरा निवडला. मी चहाचं म्हटलं, तर उशीर झाला म्हणाल्या. त्या गेल्यावर पाहिलं तर पिशवी खांबालाच होती. आत नारळ, साखरेचा पुडा आणि मोतिया रंगाची साडी. ती परत कशी पाठवायची यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. ह्यांनी एवढंच म्हटलं, "माझ्या बहिणीला तू तिच्याच कामावरून नाकारलंस." त्यानंतर भाऊबीजेला हे एकटे जातात.

मुलीला विचारलं होतं का, असं काही जण खोचकपणे विचारतात. नव्हतं विचारलं. ती हॉस्टेलवर होती. नंतर सांगितलं तर म्हणाली, "तू म्हणालीस ते बरं, नाहीतर मला म्हणावं लागलं असतं."

आक्कांच्या मुलाचं पुढे जमेना. शेवटी एका मध्यस्थाला दोन लाख मोजून लांबच्या जिल्ह्यातली मुलगी आणली. सत्यनारायणाची पूजाही व्हायची होती, तोच ती दागिन्यांसह गेली. गावात दात काढून हा किस्सा सांगतात. त्याचा दोष माझ्या खात्यावर मांडणारेही आहेत. मला ते मान्य नाही. पण ज्या रात्री ही बातमी कळली त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही लिहून ठेवते.

आणि दोष मांडायचाच तर पुरा मांडा. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 913 मुली होत्या, 2011 ला 894. ती 2001 ची पोरं आज बाशिंग बांधून बसली आहेत. सोलापुरात 2022 च्या डिसेंबरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला तेव्हा सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. 'तपासणी'ला, म्हणजे पोटात मुलगा की मुलगी ते बघायला, कोणकोणत्या घरच्या सुना तालुक्याच्या गावाला गेल्या होत्या, हे आम्हा बायकांना पाठ आहे. त्याच घरांतून मला आज विचारणा होते, की ताई, पोरी शेतकऱ्याला का नको म्हणतात?

लेक सुखात आहे का? आहे आणि नाही. वाकडला फ्लॅट, वीस वर्षांचा हप्ता, सकाळी दोन डबे भरून ती आठला बाहेर पडते. मध्ये जावयाच्या ऑफिसातल्या काही जणांना एका मेलवर घरी बसवलं, तेव्हा तिचा आवाज मी फोनवर ऐकला आहे. पण 7 डिसेंबर 2023 च्या रात्री कांद्याची निर्यातबंदी आली आणि सकाळी लिलाव बंद पडले, तेव्हा आमच्या घरात जे झालं त्याच्याशी मी याची तुलना करते. नोकरी गेली तर माणूस दुसरी शोधतो. आमचा माल तयार, कर्ज उभं, आणि भाव दिल्लीत ठरतो. बंदी उठायला मे उजाडला. शिवाय तिचा पगार तिच्या खात्यात जमा होतो. माझ्यासाठी वाद इथेच मिटतो. तिच्या सासूसाठी कदाचित नसेल मिटत.

राहिला माझा मुलगा. बीएस्सी ॲग्री केलं, नोकरी नको म्हणाला. ठिबक त्याने केलं, शेडनेट त्याने उभं केलं, माझ्यापेक्षा हिशेब चोख. वधूवर मेळाव्यात मुलीच्या आया पहिला प्रश्न विचारतात, शेती किती. दुसरा, मुलगा करतो काय. पहिल्याचं उत्तर ऐकून खूश होतात, दुसऱ्याचं ऐकून पाणी प्यायला उठतात. ह्यांचं म्हणणं, बायोडेटात 'स्वतःचा व्यवसाय' लिहा. मी 'शेती' लिहिलं, आणि खाली एक ओळ घातली, की लग्नानंतर दोन एकर सुनेच्या नावावर होतील. त्या ओळीवरून घरात महिनाभर धुसफूस चालली आहे. हे म्हणतात, तुझ्या नावावर अर्धा गुंठा नाही आणि परक्या पोरीला दोन एकर? मी म्हणते, तीस वर्षांपूर्वी केलं असतंत तर आज ही ओळ लिहावी लागली नसती. मुलगा दोघांचंही ऐकतो आणि मोटार चालू करायला निघून जातो.

त्या ओळीमुळे एका मुलीचा स्वतः फोन आला. जमिनीचं तिने विचारलंच नाही. "लागणीला मजूर मिळतात का तुमच्याकडे?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलले नाही. टेम्पो भरून बायका येतात, पण ऐन घाईत मिळत नाहीत, तेव्हा घरच्यांनाच वाकावं लागतं. ती म्हणाली, "कळवते." अजून कळवलेलं नाही.

तर मला टोकणाऱ्यांत मुलींचे बाप पुष्कळ आहेत. मुलगा सव्वीसचा आहे, पाच फूट आठ इंच. बायोडेटा कोणाकोणाला पाठवू, सांगा.