न बोलणाऱ्या चित्रांच्या बाजूने

गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेल्या ॲनिमेशनपटांतली आणि मालिकांतली कोणती दृश्ये मनात टिकून राहिली, याचा एका रविवारी हिशेब मांडायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्यांतल्या बहुतेक दृश्यांत कोणीच काही बोलत नाही. एक मांजर पाण्यात पाहत असते, एक कुत्रा समुद्रकिनाऱ्याच्या बंद कुंपणाशी झटत असतो, एक पेंग्विन नुसताच डोळे मिचकावतो. संवादांशी माझे वैर नाही. चुरचुरीत संवाद मलाही आवडतात. पण ज्या कलेत एकेक चौकट कोणीतरी बसून घडवलेली असते, तिथे चित्राने एकदा सांगितलेली गोष्ट पात्राने पुन्हा तोंडाने सांगितली, की जेवण झाल्यावर यजमानाने आपण काय काय वाढले त्याची यादी वाचून दाखवावी तसे वाटते. (पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधी चित्रपट पाहून यावे.)

या हिशेबात पहिला मान लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस याच्या ‘फ्लो’ला (२०२४). पुरात घर गेलेले एक मांजर आणि आणखी काही प्राणी एका नावेतून वाहत जातात, एवढीच गोष्ट. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि लाटव्हियाच्या खात्यावर जमा झालेले ते पहिलेच ऑस्कर ठरले. सुमारे ३५ लाख युरोंत, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने चणेफुटाण्यांच्या पैशांत, आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर तो तयार झाला, हे बहुतेकांनी वाचले असेल. मला त्याहून मोलाची वाटते ती दिग्दर्शकाची कामाची पद्धत. प्रसंगांची चित्रमालिका आधी कागदावर न काढता तो थेट संगणकातल्या त्रिमितीय अवकाशात कॅमेरा घेऊन फिरतो आणि प्रसंग शोधतो. त्यामुळे कॅमेरा मांजराच्या उंचीवरून, त्याच्या मागे धावत, त्याच्याबरोबर पाण्यात बुडी मारत, मध्ये न तुटता कितीतरी वेळ चालत राहतो. माणसे कुठेच नाहीत. त्यांची घरे, नावा आणि मांजरांचे पुतळे तेवढे मागे राहिले आहेत. ती का गेली हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारे कोणी उरलेलेच नाही. प्राणी प्राण्यांसारखे वागतात आणि प्राण्यांच्याच आवाजात ओरडतात. कॅपीबाराचा खरा आवाज त्या पात्राला शोभेना म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला, ही एक लबाडी सोडून देता येते. पक्षी नावेचे सुकाणू धरतो तिथे मात्र प्रेक्षकाला थोडा कानाडोळा करावा लागतो.

हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला तो आजीबरोबर. तिला आता कमी ऐकू येते, आणि मी परदेशी काही लावले की ती जपाची माळ घेऊन आतल्या खोलीत जाते. त्या संध्याकाळी ती गेली नाही. कॅपीबारा पडद्यावर आल्यावर तिने विचारले, “ही घूस एवढी मोठी कशी रे?” मी हसलो खरा, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तिचेच म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ होते, कारण कॅपीबारा हा कुरतडणाऱ्या प्राण्यांतला जगातला सर्वांत मोठा प्राणी आहे. टोपलीत चकचकीत वस्तू साठवणाऱ्या लेमूरला तिने ‘हावरट’ ठरवून टाकले. पाणी मांजराच्या घरापर्यंत चढू लागले तेव्हा मात्र ती गप्प झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती नारायण पेठेत राहत होती, आणि त्या दिवसाबद्दल ती एरवी भरभरून बोलते: कोणाच्या वाड्याची भिंत कशी खचली, कोणाचे धान्य कसे कुजले, आठवडाभर चिखल कसा उपसला. त्या दृश्यानंतर ती एवढेच म्हणाली, “पाणी एकेक पायरी धरूनच चढतं.” पूर का आला हे समजावून सांगणारे एखादे वयोवृद्ध कासव त्या चित्रपटात असते, तर हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले नसते, अशी माझी खात्री आहे.

पाब्लो बर्गेर या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या ‘रोबॉट ड्रीम्स’मध्येही (२०२३) संवाद नाहीत. १९८०च्या दशकातले न्यूयॉर्क, सगळे नागरिक प्राणी, आणि त्यात एकाकी राहणारा एक कुत्रा टपालाने यंत्रमानव मागवतो. दोघांची मैत्री जमते, ते समुद्रावर जातात, पाण्यात खेळून यंत्रमानव गंजतो आणि वाळूवर जागच्या जागी अडकतो. दुसऱ्या दिवसापासून किनारा हंगामापुरता बंद. मधली स्वप्नांची दृश्ये एक-दोन कमी चालली असती, पण शेवटाने सगळे भरून निघते. बऱ्याच काळाने यंत्रमानवाला वरून आपला जुना मित्र रस्त्यावर, दुसऱ्या सोबत्याबरोबर, दिसतो. तो मनातल्या मनात धावत खाली जातो, त्याला कडकडून भेटतो, आणि प्रत्यक्षात दोघांचे आवडते गाणे मोठ्याने लावून स्वतः आडोशाला होतो. मग खाली कुत्रा आणि वर तो, एकाच तालावर वेगवेगळे नाचतात. मराठी रंगभूमीवर या जागी निदान पाच मिनिटांचे स्वगत आले असते, आणि मीही त्याला टाळ्या दिल्या असत्या. तरीही हे जास्त लागते.

ख्रिस सँडर्सच्या ‘द वाइल्ड रोबॉट’बद्दल (२०२४) माझे मत दुभंगलेले आहे. जहाजातून वाहत एका बेटावर येऊन पडलेली रॉझ ही यंत्रमानव प्राण्यांची भाषा शिकण्यासाठी रानात एका जागी बसून राहते, भोवती काळ भराभर सरकत जातो आणि हळूहळू त्या किलबिलाटाचे शब्द होऊ लागतात. ते दृश्य पाहताना मला दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा आठवला. ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या अंतराने छायाचित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ ही चिमुकली फिल्म केली होती, आणि ती पाहून त्यांना भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. न हलणारी गोष्ट चौकटींच्या बळावर हलताना दाखवणे, याचे धडे आपल्याकडे इतके जुने आहेत. सँडर्सच्या चित्रपटातले रानही असेच जिवंत आहे: झाडांवर, दगडांवर, प्राण्यांच्या अंगावर कुंचल्याचे फटकारे दिसतात, आणि गुळगुळीत यंत्रमानवावर त्या रानाचे ओरखडे जसजसे चढत जातात तसतशी ती रानाची होत जाते. एवढे चित्राने साधले असताना उत्तरार्धात पात्रे दयाळूपणाचे महत्त्व एकमेकांना तोंडी समजावू लागतात आणि लढाई, वणवा असा नेहमीचा गदारोळ माजतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या भागाची हुरहुर वाटते.

‘वॉलेस अँड ग्रॉमिट: व्हेंजन्स मोस्ट फाऊल’ (२०२४) हा मात्र निखळ आनंद आहे. मातीच्या बाहुल्यांच्या या चित्रपटात वॉलेस अखंड बडबडतो आणि ग्रॉमिट या त्याच्या कुत्र्याला तोंडच नाही. त्याचे सगळे बोलणे कपाळाच्या एका घडीत असते. त्याच्यासमोर १९९३ सालचा जुना खलनायक, फेदर्स मॅग्रॉ हा पेंग्विन, परत येतो. तो बोलत नाही, हसत नाही, रागावत नाही, आणि तरी इतका दुष्ट वाटतो की संवाद पाठ करणाऱ्या खलनायकांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी.

पिक्सारच्या ‘इनसाइड आऊट २’ने (२०२४) जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक कमावले, त्याला माझ्या कौतुकाची गरज नाही. प्रत्येक भावनेला बोलते पात्र दिल्यावर बडबड अटळच होते. पण त्यातही शेवटाकडे चिंता नावाचे ते नारिंगी पात्र स्वतःच उठवलेल्या वावटळीच्या मधोमध गोठून उभे असते आणि त्याच्या डोळ्यात पाणी तरळते, ती दोन-चार सेकंदे उरलेल्या सगळ्या चित्रपटाला भारी आहेत.

मालिकांकडे वळतो. पॅरिसच्या फोर्टीश स्टुडिओने घडवलेल्या ‘आर्केन’चे पहिले पर्व २०२१ मध्ये आले आणि दुसरे २०२४ मध्ये, प्रत्येकी नऊ भाग. पिल्टोव्हर हे श्रीमंत शहर, त्याच्या पायाशी झॉनची वस्ती, आणि त्या दोन्हींच्या भांडणात एकमेकींना मुकलेल्या दोघी बहिणी. पहिल्या पर्वाचे मी आजवर चार वेळा पारायण केले आहे. रंगवलेल्या भिंतीसारखे चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवर शब्द फुटण्याआधी दिसणारी चलबिचल, हे त्याचे खरे वैभव होते. दुसऱ्या पर्वात कथानकाला गाडी चुकेल अशी घाई झाली. राजकारण, जादू, यंत्र, प्रेम हे सगळे नऊ भागांत कोंबायचे म्हणून दर थोड्या वेळाने एक गाणे लावून महिन्यामहिन्यांच्या घडामोडी त्यावर उरकल्या गेल्या. तिथे संवाद कमी आहेत, पण ती शांतता मी म्हणतो ती नव्हे. ती वेळ वाचवण्याची युक्ती आहे. अपवाद सातव्या भागाचा. एका वेगळ्या जगात, जिथे अनर्थ घडलाच नाही तिथे, एको हा मुलगा आणि पावडर, म्हणजे दोघींतली धाकटी बहीण, नाचतात, आणि त्या नाचातल्या चौकटी मुद्दाम गाळल्यामुळे हालचाल अडखळत होते. पुढचा क्षण येऊच नये असे वाटणाऱ्या मुलाची मनःस्थिती त्या अडखळण्यातून जितकी कळते तितकी कोणत्याही कबुलीतून कळली नसती.

घाईचा पूर्ण अभाव पाहायचा असेल तर जपानी ‘फ्रिरेन’ पाहावी. मॅडहाउस स्टुडिओच्या या मालिकेचे २८ भागांचे पहिले पर्व सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात प्रक्षेपित झाले. नेहमीच्या कथा जिथे संपतात तिथे ती सुरू होते: राक्षसांचा राजा मारला गेला आहे, चौघे वीर घरी परतले आहेत. त्यांतली फ्रिरेन ही हजार वर्षांहून अधिक जगलेली एल्फ जादूगार. तिच्या लेखी सोबत्यांबरोबरची दहा वर्षे म्हणजे एक दुपार. उल्कावर्षाव पुन्हा एकत्र पाहू, असे सांगून ती पन्नास वर्षांनी उगवते, तेव्हा त्या चौघांतला देखणा नायक हिमेल टक्कल पडलेला, काठी टेकणारा म्हातारा झालेला असतो. त्याच्या अंत्यविधीत ती रडते, आणि आपण याला जाणून घेण्याचा प्रयत्नच का केला नाही, असे स्वतःला विचारते. हे वाक्य तिने उच्चारले नसते तरी चालले असते, असे मी आधी म्हणत असे. आता म्हणत नाही, कारण त्यापुढच्या भागांत ती त्याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही, फक्त हिमेलच्या पुतळ्यांवरची धूळ झटकत, त्याच्या आवडीची फुले शोधत फिरते. या पर्वाच्या उत्तरार्धातली जादूगारांची परीक्षा मला त्यामानाने कंटाळवाणी वाटली. पात्रांची जत्रा भरते आणि प्रत्येक जण आपल्या जादूचे नियम समजावून सांगतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’. जुलै २०२५ मध्ये आलेल्या या चित्रपटाने ३०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला, आणि ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ, हा आपल्या चित्रपटगृहांतला समज त्यामुळे थोडा सैल झाला असेल तर मला त्याचा आनंदच आहे. पण त्याची पहिली दोन तृतीयांश वाट मला जड गेली. पात्रांच्या हालचाली व्हिडिओ गेमसारख्या आहेत आणि कीर्तनकाराने एका वाक्यात उडवून लावावे ते प्रसंग संवादांनी ताणले आहेत. मग खांब फुटतो. त्यानंतर शब्दांना फारसे कामच उरत नाही; आयाळ, नखे, उंबरठा आणि गर्जना एवढ्यावर चित्रपट जो उसळतो, तो पाहून वाटले की हे सामर्थ्य यांच्याकडे पहिल्यापासून होते, मग ते शेवटपर्यंत बांधून का ठेवले?

माझ्या या सगळ्या युक्तिवादाला आडवा जाणारा चित्रपट म्हणजे ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ (२०२३). त्यात सगळेच सतत, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकत बोलतात, आणि तरी तो मला प्राणप्रिय आहे, कारण तिथे चित्र संवादाची चाकरी करत नाही. ग्वेन ही तरुण स्पायडर-वुमन आणि तिचे पोलीस वडील समोरासमोर उभे राहतात तेव्हा मागची भिंत ओल्या जलरंगासारखी ओघळू लागते आणि त्यांच्या मनासरशी रंग बदलते. ते काय बोलत होते हे मला आठवत नाही, पण तो रंग आठवतो. दुसऱ्या एका जगातून आलेल्या पंक स्पायडर-मॅनचे शरीर एका गतीने हलते, जाकीट दुसऱ्या आणि गिटार तिसऱ्या. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या सांध्यातून उभ्या केलेल्या मुंबॅटन या काल्पनिक शहरासाठी कलाकारांनी सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती, आणि ज्यांनी लहानपणी दुपारच्या दुपार वेताळाच्या त्या पुस्तकांत घालवल्या त्यांना ते रंग पाहताक्षणी ओळखू यावेत.

हा चित्रपट भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठीही होती. आमच्या भागात मराठीचा एकच खेळ लागला, तोही कामाच्या दिवशी सकाळी, जेव्हा मुले शाळेत आणि मोठी माणसे लोकलमध्ये असतात. मी रजा काढून गेलो. मोजून अकरा प्रेक्षक होते, आणि त्यांतल्या एका आजोबांनी मध्यंतरात मला विचारले की हा शेवटी कोणाला मारतो. खरे तर चित्रपट ऐन मोक्याच्या वळणावर अर्धवटच सोडला आहे आणि पुढचा भाग आता २०२७ मध्ये येणार आहे, पण त्या वेळी मला ते ठाऊक नव्हते, म्हणून मी त्यांना मोठ्या विश्वासाने सांगितले, “बसा हो, आजोबा, शेवटी सगळं कळेल.”