रेट 16

मे महिना. नागपुरात त्या दिवसांत कॅज्युअल्टीत येणारा प्रत्येक जण उष्माघाताचाच वाटतो. काटोलकडच्या त्या 58 वर्षांच्या बाईंच्या कागदावरही कुणीतरी तेच लिहून ठेवलं होतं. आधीच्या दवाखान्याने दमा समजून दोनदा नेब्युलायझर दिलेलं. छाती मात्र स्वच्छ, सॅचुरेशन 99, आणि श्वास मिनिटाला 38, लोहाराच्या भात्यासारखे खोल.

चार दिवस जुलाब होते. शुगरच्या गोळ्या? "एक बी दिवस चुकवल्या नाही जी," मुलगा म्हणाला. त्या शुगरच्या गोळीतलं मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडतं. जुलाबांनी किडनी बसली की ते साचतं आणि रक्तात लॅक्टेट, म्हणजे आम्ल, चढत जातं. जुलाब-उलट्या लागल्या तर ही गोळी थांबवा, एवढं चिठ्ठीवर लिहायला आमच्या लोकांना वेळ नसतो.

एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्ल पाहणारी तपासणी, मी स्वतः काढतो. सिरिंजमध्ये हेपॅरिन फिरवून पूर्ण बाहेर टाकावं लागतं, उरलं तर बायकार्ब, म्हणजे आम्ल शमवणारा रक्तातला क्षार, खोटंच कमी दिसतं. पीएच 6.98, म्हणजे रक्तात जीवघेणं आम्ल. पीसीओटू, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड, 12, बायकार्ब 3, लॅक्टेट 17. एवढ्या आम्लात पीसीओटू किती हवा, त्याचा हिशोब बायकार्बची दीडपट अधिक आठ, म्हणजे साडेबारा. फुफ्फुसं जेवढा सीओटू बाहेर टाकायला हवा, तेवढा टाकत होती. क्रिएटिनिन 7, म्हणजे किडनी बसलेलीच. डायलिसिसला पर्याय नव्हता, पण टेक्निशियन पोचायला 40 मिनिटं होती.

"सर, बायकार्ब?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतोच. 2018 च्या फ्रेंच अभ्यासात बायकार्बने एकंदर मृत्यू कमी झाले नव्हते, किडनीला मार बसलेल्यांत मात्र फायदा दिसला होता. म्हणून दिलं, पण सावकाश. त्यातून तयार होणारा सीओटूही शेवटी फुफ्फुसांनाच बाहेर टाकायचा असतो.

वीसेक मिनिटांनी श्वास 26 वर आला. सिस्टर म्हणाल्या, "आता बरं वाटतंय त्यांना." बाई थकल्या होत्या. डोळे मिटत होते, हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. मी मानेत डायलिसिसचा कॅथेटर टाकायला हातमोजे चढवले होते. रेसिडेंटला म्हणालो, "ट्यूब टाक."

त्याने श्वासनलिकेत ट्यूब सुरेख टाकली, पहिल्याच झटक्यात. व्हेंटिलेटर लावला आणि रोजच्या सवयीने रेट, म्हणजे मिनिटाचे श्वास, ठेवला 16.

मॉनिटरचा आवाज बदलला म्हणून मी मान वर केली. हार्ट रेट 44. तेव्हा कुठे व्हेंटिलेटरकडे लक्ष गेलं. दहा मिनिटं झाली होती. बाई स्वतःच्या श्वासाने जेवढा सीओटू टाकत होत्या, तेवढा 16 वर बाहेर पडत नव्हता, आणि साचलेल्या सीओटूने आम्ल वाढत होतं. रेट 32 केला, टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासातली हवा, वाढवला, श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना ते ग्राफवर पाहत राहिलो. नवीन एबीजी: पीसीओटू 22, पीएच 6.80. अॅड्रेनॅलिन तयार होतं, लागलं नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर चौथ्या तासाला पीएच 7.2 च्या वर गेला.

बाई वाचल्या. पाचव्या दिवशी ट्यूब निघाली. मुलाने पाया पडायला वाकून मला कानकोंडं केलं.

रेसिडेंटला मी त्या रात्री बरंच बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि मधेच म्हणाला, "सर, तुम्ही रेट सांगितला नव्हता." खरंच नव्हता सांगितला. आणि ट्यूब आणखी वीस मिनिटं थांबवता आली असती का, हे मला अजून ठरवता येत नाही.

एबीजीच्या चिठ्ठ्या थर्मल कागदावर येतात, नागपूरच्या उन्हात महिनाभरात कोऱ्या होतात. त्या दोन चिठ्ठ्यांची मी झेरॉक्स काढून ठेवली आहे.