चार विद्यापीठं आणि एक पोड

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आमच्या प्रात्यक्षिकांत शब्दसाहचर्य चाचणी असते. मी एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात आलेला पहिला शब्द सांगायचा, आणि मधे किती सेकंद गेले ते स्टॉपवॉचवर बघून वहीत टिपायचं. २०२४ च्या पावसाळ्यात बी.ए. प्रथम वर्षाची एक कोलाम मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी म्हटलं, "घर." ती थांबली. मग म्हणाली, "भिंत." "पाणी"ला पुन्हा तेवढीच थांबली. "आई" म्हटल्यावर तिने स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, कोणत्या भाषेत सांगू?"

मनोविश्लेषक युंगने या चाचणीचा उपयोग केला तेव्हापासून आम्ही शिकवत आलोय की उत्तराला वेळ लागला तर त्या शब्दापाशी मनात काहीतरी अडलेलं असावं. या मुलीचं काही अडलेलं नव्हतं. माझा शब्द मराठी, तिच्या मनात उमटलेलं उत्तर कोलामी. कोलामी द्रविड कुळातली भाषा, त्यामुळे जवळपासचा शब्द घेऊन भागत नाही, दरवेळी पूर्ण उलथापालथ करावी लागते. वहीत मांडलेल्या सेकंदांपैकी बरेचसे त्या ये-जा करण्याचे होते.

मी ही चाचणी सोळा वर्षं घेत होते. किती मुलांच्या वहीत मी "प्रतिक्रियाकाळ जास्त, भावनिक अडथळा संभवतो" असं लिहून खाली सही केली असेल? त्या रात्री मला झोप लागली नाही. माळ्यावरच्या जुन्या प्रात्यक्षिक वह्या काढून बसले. तीन वह्यांत तो शेरा सापडला आणि तिन्ही मुलं पोडावरची होती.

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आमच्या भागात गावापासून जरा आत, रानाच्या कडेला अशी पोडं आहेत. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांच्यातली एखादी मुलगी बारावी करून मानसशास्त्र घेते, म्हणजे ती किती पायऱ्या चढून आली असेल ते शिकवणाऱ्याने जाणलं पाहिजे. मी तिला तिच्याच भाषेतून माणसाच्या मनाबद्दल एक वाक्यही विचारलं नव्हतं.

संलग्न कॉलेजातल्या शिक्षकाच्या हाती अभ्यासक्रम नसतो. तो अभ्यास मंडळ ठरवतं, आम्ही शिकवतो. आमच्या हाती उदाहरणं असतात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे थोडे गुण. त्या गुणांत मी बदल केला. स्वाध्याय म्हणून मुलांनी आपापल्या वस्तीत जाऊन तीन प्रश्न विचारायचे: कोणी फार दिवस गप्प बसलं तर तुमच्याकडे काय करतात? घरात मरण झालं तर त्या घराजवळ कोण बसतं, किती दिवस? दारू सोडायची असेल तर माणूस कोणाकडे जातो? सोबत मी दोन वेळा पोडावर गेले. चावडीवर नाईक, म्हणजे पोडाचे प्रमुख, बसले होते, बाजूला तीन-चार म्हातारी माणसं. नाईकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सारं तुमी पुस्तकात घालून रायले का, बाई?"

मी म्हटलं, मुलं वहीत लिहितील, मी वर्गात सांगेन.

"मंग माणसाचं लिहा. देवाचं लिहू नका."

अट साधी होती, तरी मला तिचं वजन कळायला दिवस लागले. कोणतं ज्ञान वर्गात न्यायचं आणि कोणतं चावडीवरच ठेवायचं हे ज्यांचं ज्ञान आहे त्यांनीच ठरवायचं असतं. एका मुलाने हौसेने पूजेची सगळी माहिती वहीत लिहून आणली होती. ती पानं मी त्याला परत दिली आणि कारण सांगितलं. गुण कापले नाहीत.

मरणाच्या प्रश्नाला त्या पोडावर मिळालेलं उत्तर मी पुढे समुपदेशनाच्या तासाला सांगितलं. तिथल्या एका आजीने सांगितलं होतं, "आमी त्याले इचारत नायी काय झालं म्हणून. नुसतं जाऊन बसतो. तो बोलला तर बोलला." आमच्या पुस्तकात समुपदेशन म्हणजे बंद खोली, दोन खुर्च्या आणि गोपनीयता. दोन्ही पद्धती मुलांपुढे ठेवल्या आणि कुठे काय चालेल यावर वाद घालायला सांगितला. त्या वर्षी तेवढा एक तास असा झाला की घंटा झाल्यावरही कोणी उठलं नाही.

हे सगळं चांगलं चाललंय असं मला वाटत होतं. मग २०२५ च्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं.

सासर दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत. कोणत्या ते लिहीत नाही, कारण नियम सगळीकडे सारखेच आहेत आणि कुठेही गेली असती तरी हेच झालं असतं. सासरच्यांनी शिकायला होकार दिला, ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे. तिच्याकडे पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट होते; क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप. युजीसीने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले, त्यात क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. वर्गात मीच हे फळ्यावर लिहून समजावलं होतं. बँकेत पैसे ठेवल्यासारखं आहे, कुठेही गेलात तरी काढता येतील, असं म्हणाले होते.

तिचे क्रेडिट खात्यात दिसत होते. नव्या कॉलेजात विचारलं गेलं की हा पेपर आमच्या कोणत्या पेपरच्या जोडीचा? आमच्याकडे सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक एकत्र, तिकडे प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी. आमच्याकडे संवेदन आणि अवधान पहिल्या सत्रात, तिकडे दुसऱ्यात. पेपरचं नावही वेगळं. त्यात तिच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या कागदावर "पोडातील शोक-प्रथा" असा विषय, तो तर तिकडच्या कोणत्याच घटकात बसेना. दोन पेपर पुन्हा द्या, असं ठरलं. टेबलापलीकडच्या माणसाची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात दोन अभ्यासक्रम होते आणि घटकाला घटक जुळवून बघण्याखेरीज दुसरी रीत त्याला कोणी दिली नव्हती.

तिच्या वडिलांचा फोन आला. "पोरीचं साल वाया जाते का जी, मॅडम?"

मी काय उत्तर देणार होते? ज्या स्वाध्यायाचा मला अभिमान वाटत होता, तोच तिच्या वाटेत आडवा आला होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा एकच पेच आहे. क्रेडिट न्यायचे तर अभ्यासक्रम सारखे हवेत. अभ्यासक्रमात इथली माणसं आणायची तर ते वेगळे होणार. मग ज्या मुलांसाठी वेगळं शिकवायचं, त्यांनाच ते वेगळेपण महागात पडतं, कारण लग्न, ऊसतोड, वीटभट्टी, कापसाचं नुकसान या कारणांनी कॉलेज बदलण्याची पाळी त्यांच्यावरच जास्त येते.

नकाशा बघा म्हणजे लक्षात येईल. यवतमाळ जिल्ह्यातला कोलाम संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत येतो. पैनगंगा ओलांडून कोरपना, जिवतीकडे गेलं की गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, २०११ साली स्थापन झालेलं. किनवटकडे गेलं की नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. आदिलाबादला गेलं तर तेलंगणातलं काकतीय. एका बोलीची, एकमेकांत सोयरीक करणारी माणसं आणि चार विद्यापीठं. नदीवर पूल आहे, त्यावरून मुली सासरी जातात. क्रेडिटनाही तिथून जाता यायला हवं.

दुसरीकडे लोकांनी हे कसं सोडवलं ते मी शोधत गेले आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताबद्दल वाचायला मिळालं. तिथे १९८९ पासून प्रवेश आणि ट्रान्सफरसाठी एक प्रांतिक परिषद आहे. प्रत्येक विषयाची एक समिती असते, मानसशास्त्राचीही आहे. वेगवेगळ्या कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे मानसशास्त्र शिकवणारे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसतात आणि आपल्याकडे काय शिकवलं जातं ते एकमेकांना सांगतात. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठे काय म्हणून धरला जाईल हे करार सर्वांना बघता येतात. म्हणजे मुलगी निघायच्या आधीच तिला कळतं.

आणि त्याच समित्यांपुढे आता मूलनिवासी समाजांचं ज्ञान अभ्यासक्रमात आणण्याचं कामही आहे. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. २०१८ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने आपल्या व्यवसायाने त्या समाजांचं नुकसान केल्याचं लेखी मान्य केलं. हे वाचताना मला माळ्यावरच्या त्या तीन वह्या आठवल्या. तिथला इतिहास वेगळा, आपला वेगळा. पण स्वतःच्या मोजपट्टीकडे वळून बघणं आपल्यालाही चुकणार नाही.

आपल्याकडे याची सुरुवात फार आधी झाली होती, हेही सांगितलं पाहिजे. व्ही. व्ही. कामतांनी बुद्धिमत्तेची बिने चाचणी मराठीत आणि कानडीत आणली. भाटियांची १९५५ ची कृतिचाचणी अशा माणसांचा विचार करून केलेली की ज्यांना वाचता येत नाही: ठोकळे, आकृत्या, चित्रांचे तुकडे. ती पेटी आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्या लोकांनी शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यासमोर बसून विचार केला. कोलामीत बोलणाऱ्या मुलीसमोर बसून विचार करायचं काम आमच्या पिढीकडे आलंय.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत भारतीय ज्ञानप्रणालीचे क्रेडिट आहेत, त्याचं मी स्वागत केलं होतं. पण मानसशास्त्रात त्याखाली बहुतेक वेळा त्रिगुण, पंचकोश आणि योग एवढंच शिकवलं जातं. ते शिकवावंच, मला स्वतःला ते आवडतं. तरी वर्गातल्या गोंड, कोलाम, कोरकू पोरांनी त्यात आपली आजी शोधली तर ती सापडत नाही. भारतीय ज्ञान ग्रंथांत जितकं आहे तितकंच चावडीवरही आहे, आणि ते लिहिलेलं नसल्यामुळे आधी संपेल.

या दिवाळीनंतर आम्ही अकरा जण जमलो, तीन जिल्ह्यांतले मानसशास्त्राचे शिक्षक. कोणी पाठवलं नव्हतं, फोनाफोनी करून आलो. सतरंजीवर प्रथम वर्षाचे अभ्यासक्रम पसरले आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. नावं वेगळी, क्रम वेगळा, पण पहिल्या वर्षाचा गाभा जवळजवळ तोच: अभ्यासपद्धती, मज्जासंस्था, संवेदन, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना. मग एका सरांनी, ते वयाने आमच्यात सर्वांत मोठे, म्हटलं की आपण घटक जुळवायचं सोडून देऊ. वर्ष संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ते लिहू. साधा प्रयोग मांडता येणं, निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवता येणं, स्मृतीचा एखादा सिद्धान्त खऱ्या माणसावर लावून बघता येणं. हे दृष्टिभ्रमाच्या म्युलर-लायर रेषांवर शिकलं काय किंवा पोडावर शिकलं काय, तास तेवढेच, क्रेडिट तेवढेच.

एका पानाचा मसुदा झाला. "पोडातील शोक-प्रथा" त्यात "मुलाखत आणि निरीक्षण कौशल्य" या ओळीसमोर नीट बसलं. हे पान घेऊन आता प्रत्येकाने आपापल्या अभ्यास मंडळाच्या सदस्यांना भेटायचं आहे. मंजुरी मिळायला वेळ लागेल, कदाचित पुष्कळ लागेल. एका बाईंनी आणखी एक गोष्ट धरून ठेवली आणि ती मान्य झाली: पोडावरचं कोणी वर्गात येऊन शिकवत असेल तर त्यांना पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन मिळायला हवं, शाल-श्रीफळावर भागवायचं नाही.

ती मुलगी दोन पेपर पुन्हा देतेय. साल वाया गेलं नाही, दुसऱ्या वर्षासोबत ते दोन्ही करतेय. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, आवाजात दमणूक होती, पहाटे चारला उठून वेचणीला जाते म्हणाली. मी तिला शब्दसाहचर्याच्या यादीबद्दल विचारलं. मराठी यादीचं नुसतं भाषांतर करून चालणार नाही, कोलामीत रोज तोंडात असणारे शब्द निवडायला हवेत, आणि ते काम मला येत नाही. तिने विचारलं, किती शब्द लागतील? मी म्हटलं, युंगच्या यादीत शंभर होते. "मंग आजीले इचारतो," ती म्हणाली, "आजसासूलेबी. दोघींचे थोडे वेगळे येतीन."

पुढची बैठक चावडीवरच घ्यायची असं ठरलंय. नाईकांना विचारायला गेले तर म्हणाले, आता कापूस सुरू आहे, घरी कोणी सापडणार नाही, संक्रांत झाल्यावर या. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार धरला आहे. आसपासच्या कोणत्याही कॉलेजात प्रथम वर्षाला मानसशास्त्र शिकवत असाल तर या, येताना आपला अभ्यासक्रम आणि मागच्या सत्राची प्रश्नपत्रिका आणा. जेवण पोडावर आहे, त्याचा शिधा आम्ही आधी पोचवणार आहोत.