आमची वाटचाल: जुन्या रिव्हॉल्वरची पारख

जुन्या रिव्हॉल्वरचे लेखी मूल्यांकन करून देणे हे आमच्या छोट्या फर्मचे काम. सुरुवातीला आमचा तपासणीचा कागद एक पानाचा होता: कंपनी, मॉडेल, कॅलिबर (नळीच्या भोकाचे माप), नळीची लांबी, एकंदर अवस्था. आज तो सात पानांचा झाला आहे, आणि वाढलेली बहुतेक पाने एकाच प्रश्नासाठी आहेत: कारखान्यातून बाहेर पडताना हा नग असाच होता का?

लोक मात्र आधी विचारतात ते दुर्मीळतेचे. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीची १८४७ सालची वॉकर सुमारे ११०० बनली. ती दुर्मीळ आहे आणि तिच्यामागे संग्राहकांची रांगही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या किरकोळ कारखान्यांची कितीतरी स्वस्त खिशातली रिव्हॉल्वरे याहून कमी उरली असतील, पण ती मागतो कोण? उलट कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मी या मॉडेलचे पहिल्या पिढीचे, म्हणजे १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंतचे नग साडेतीन लाखांवर आहेत, आणि तरी त्यातल्या एखाद्याला डोळे दिपवणारी किंमत येते. म्हणून आम्ही ‘किती बनली’ याच्या शेजारी ‘मूळ रूपात किती उरली’ आणि ‘हवी कुणाला’ हे दोन रकाने घातले.

तपासणीची पहिली पायरी कधीच बदललेली नाही. लोडिंग गेट (काडतूस घालायची बाजूची झडप) उघडायचे, हॅमर अर्ध्या खटक्यावर, म्हणजे अर्धा मागे ओढून अडकेल असा, आणायचा आणि सिलिंडर हाताने फिरवत सगळी घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघायचे. कुणी कितीही सांगितले तरी आपण स्वतः बघायचे.

मग कारखान्याने ठोकलेला अनुक्रमांक, म्हणजे नंबर. सिंगल ॲक्शन आर्मीवर तो फ्रेमच्या खाली, ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीच्या बुडाशी असतो. अगदी सुरुवातीच्या नगांवर सिलिंडर आणि नळीवरही. हे सगळे नंबर जुळायला हवेत. याला एक मोठा अपवाद आहे. अमेरिकन सैन्याने १८९५ नंतर साडेसात इंची घोडदळी रिव्हॉल्वरे दुरुस्तीला घेतली, नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या आणि सुटे भाग एकत्र मिसळून पुन्हा जोडले. या ‘आर्टिलरी’ नगांमध्ये नंबर न जुळणे हा दोष धरत नाहीत. असा नग कुणी भाग बदलून ‘जुळवून’ ठेवला, तर त्याने त्याचा इतिहासच पुसला.

नंबर आणि फ्रेमची घडणही जमली पाहिजे. जुन्या फ्रेममध्ये सिलिंडरची पिन पुढून घातलेल्या एका स्क्रूने धरलेली असते. १८९० च्या दशकात तिथे आडवा स्प्रिंगचा खटका आला. तीन लाखांच्या घरातला नंबर आणि पुढे तो जुना स्क्रू असे दिसले की पुढची तपासणी वेगळ्या नजरेने होते.

सर्वात जास्त वेळ जातो तो मुलाम्यावर, म्हणजे धातूवरच्या निळ्या रंगावर किंवा निकेलच्या थरावर, कारण सर्वात जास्त पैसा तिथेच बुडतो. पुन्हा ब्लूइंग (पोलादाला निळा रंग चढवणे) करण्याआधी बफिंगच्या चाकावर धातू घासला जातो. चाक मऊ असते, त्यामुळे ते स्क्रूच्या भोकाशी आत दबते आणि काठ खाते. नग ट्यूबलाइटखाली आडवा धरा आणि प्रकाशाची रेघ भोकावरून सरकवत न्या. मूळ पृष्ठभागावर रेघ काठापर्यंत सरळ जाते. घासलेल्यावर ती बशीत उतरावी तशी खाली वाकते. मग भिंगाखाली पेटंटच्या तारखांची अक्षरे बघा: ठसा मारताना कडेला उचलला गेलेला धातू नाहीसा, अक्षरे उथळ, फ्रेमच्या धारदार कडा गोलावलेल्या. खड्ड्यांच्या आतही निळा रंग दिसला, तर गंज आधीचा आणि रंग नंतरचा.

निकेलच्या बाबतीत स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीची टॉप-ब्रेक (वरून उघडून पुढे झुकणारी) मॉडेल्स सोपी खूण देतात. कारखान्यातून निघालेल्या निकेल नगावर ट्रिगर गार्ड निळाच असायचा, आणि हॅमर व ट्रिगर केस-हार्डनिंगच्या (पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेतून येणाऱ्या) रंगछटांचे. हे सगळेच चकचकीत निकेलचे असेल, तर मुलामा नंतर चढवलेला आहे.

वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या .४५५ कॅलिबरच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडरचा मागचा भाग बघितल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. अमेरिकेत .४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस बसावे म्हणून बऱ्याच नगांचे सिलिंडर मागून घासून कमी केलेले आहेत. किंमत तर पडतेच, शिवाय ते काडतूस मूळ काडतुसापेक्षा जास्त दाबाचे.

कोल्टच्या अभिलेखागारातून मिळणाऱ्या पत्रात नगाच्या रवानगीची तारीख, कॅलिबर, नळीची लांबी, मुलामा आणि तो कुठे पाठवला हे असते. पत्रात निकेल आणि हातात निळे, असे निघाले की बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. पण पत्र नंबरचे असते, हातातल्या लोखंडाचे नसते. नंबर घासून दुसरा ठोकलेला असू शकतो, म्हणून आकड्यांची वळणे आणि खोली त्या काळच्या खऱ्या नगांशी ताडून बघतो. कागदांची साखळी मजबूत असली तर काय होते, हे २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिसले. शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला ज्या कोल्टने मारले, ती लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. ती साधी सिंगल ॲक्शन आर्मी आहे.

दाखवायला आणण्याआधी कृपया काहीही घासू नका. स्टील वूल तर नकोच. स्क्रूही उघडू नका. घरातल्या निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेच्या वरच्या ओठालाच टेकतो आणि तो फाडतो; खाचेच्या पूर्ण रुंदीत व खोलीत बसणारे, समांतर बाजूंचे पाते लागते. फाटकी खाच आमच्या कागदावर ‘आत कुणीतरी गेले होते’ म्हणून नोंदली जाते.

स्मिथ अँड वेसनच्या मुठीचे दोन तुकडेही उचकटून काढायचे नसतात, लाकडाचा कोपरा उडतो. स्क्रू दोन-तीन आटे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर अंगठ्याने हलके दाबायचे. पलीकडचा तुकडा आपोआप सुटतो. मग उजवा तुकडा उलटा करून उजेडात तिरका धरायचा. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला नंबर दिसतो, आणि तो बुडाच्या नंबराशी जुळला की मूठ मूळची आहे असे आम्ही लिहून देतो.