ब्रूस स्लॉसच्या मागावर: लंडन ते आर्मांतिएर

मेलबर्नमध्ये पोर वाढवायचं तर फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, शिकावीच लागते. मी क्रिकेटवर वाढलेला. लंबगोल चेंडू, चार खांब, मधल्या दोघांतून मारला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक, हे गणित डोक्यात बसायला मला दोन हंगाम लागले. मग मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी ब्रूस स्लॉस या पहिल्या महायुद्धात गेलेल्या फूटी खेळाडूचं नाव घरी आणलं आणि एप्रिलच्या सुट्टीत आम्ही बापलेक निघालो.

स्लॉसचा जन्म १८८९चा. आधी एसेंडनकडून खेळला, मग साउथ मेलबर्नकडून (हाच क्लब १९८२ मध्ये सिडनीला गेला, आजचे स्वान्स). १९१४ ची अंतिम लढत साउथ मेलबर्न कार्लटनकडून हरलं, ४५–३९. म्हणजे बरोब्बर एका गोलचा फरक! गंमत म्हणजे साउथचे फटके चार जास्त होते, पण पंधरा बाजूने गेले. मुलाला हे अजून पचलेलं नाही. पुढच्या वर्षी स्लॉस सैन्यात भरती झाला, मशीनगन कंपनीत लेफ्टनंट झाला आणि ऑस्ट्रेलियन सेनानी जॉन मोनॅशच्या तिसऱ्या डिव्हिजनबरोबर इंग्लंडला पोचला.

आमचा पहिला मुक्काम लंडनचा क्वीन्स क्लब. पिकॅडिली किंवा डिस्ट्रिक्ट लाइनने बॅरन्स कोर्टला उतरा, पुढे चालत पाच-सात मिनिटं. क्लब खासगी आहे. जूनमधल्या टेनिस स्पर्धेचं तिकीट काढलंत तरच आत जाता येतं. आम्हाला फाटकावरच्या माणसाने हसून परत पाठवलं. सभ्यपणे, पण पाठवलंच. त्यामुळे या ठिकाणासाठी अर्धा तास पुरे.

तरी इथूनच सुरुवात करा. २८ ऑक्टोबर १९१६ ला याच मैदानात ऑस्ट्रेलियन सैनिकांचे दोन संघ रेड क्रॉसच्या मदतीसाठी फूटी खेळले. प्रिन्स ऑफ वेल्स बघायला आला होता. एका संघाच्या जर्सीवर कांगारू, दुसऱ्याच्या ऑस्ट्रेलियाचा नकाशा. त्यातल्या तिसऱ्या डिव्हिजनच्या संघाचा कप्तान स्लॉस. त्याचा संघ ५२–३६ ने जिंकला: सहा गोल आणि सोळा बाजूने. नेम अजून तसाच होता म्हणायचा! रिचमंडला १९२० आणि १९२१ ची विजेतेपदं मिळवून देणारा डॅन मिनोगही त्या दिवशी खेळला. त्या बावीस यार्डांच्या, चुकलो, त्या हिरवळीवर पळालेल्यांपैकी काही जण वर्षभरात गेले.

स्लॉस गेला तो ६८ दिवसांनी.

त्याची कबर उत्तर फ्रान्समधल्या आर्मांतिएरला आहे. लंडनच्या सेंट पॅनक्रास स्टेशनहून युरोस्टार रेल्वेने लील साधारण दीड तास. पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, तेव्हा तासभर आधी पोचा. आमचे पासपोर्ट ऑस्ट्रेलियन, त्यामुळे ब्रिटनच्या ईटीएवर (ऑनलाइन प्रवास-परवानगीवर) भागलं. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन वेगळे व्हिसा लागतात. युरोस्टार लील-युरोपला थांबते आणि आर्मांतिएरची लोकल लील-फ्लांद्रहून सुटते. दोन्ही स्टेशनांत चालत दहा मिनिटांचं अंतर आहे.

आमची चूक सांगतो: आम्ही रविवारी गेलो. दुकानं बंद, स्टेशनबाहेर टॅक्सी नाही, वर भुरभुर पाऊस. सिते बोंझाँ कब्रस्तानापर्यंत चुकत-माकत पाऊण तास चाललो. बायकोने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीने वाचवलं. शाकाहारी असाल तर रविवारी या भागात खाण्याचा भरवसा धरू नका. कब्रस्तानात शौचालयही नाही, स्टेशनवरच उरकून घ्या.

इथे दोन हजारांवर कबरी आहेत, आणि जर्मनांच्याही पाचशेवर. तिकीट नाही. कबरीचा क्रमांक कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावरून घरूनच लिहून आणा. तरी दगडी भिंतीतली छोटी धातूची दारं उघडून बघाच. आत नावांची नोंदवही असते, आणि भेटीला आलेल्यांसाठी एक वही. पानं दमट होती, आमच्या पेनाची शाई पसरली. मुलाने नाव-गाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात फक्त ‘६.१६ (५२)’.

आर्मांतिएरच्या या पट्ट्याला सैनिक ‘नर्सरी’ म्हणत. आघाडी शांत, म्हणून नवख्यांना आधी इथे आणत. तिसरी डिव्हिजन नोव्हेंबर १९१६ मध्ये आली. ४ जानेवारी १९१७ ला एक तोफगोळा पडला आणि स्लॉस संपला. मोठी लढाई नाही, चढाई नाही. मुलगा कबरीपाशी उकिडवा बसून विचारत होता, “बाबा, मग तो कशात मेला?” मला नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लीलहून गाडी भाड्याने घेतली (उजवीकडून चालवायचं, पहिली दोन चौक-वळणं घाम फोडतात). एवढ्या लांब आलात तर नव-शापेलचं भारतीय स्मारक चुकवू नका. बस-ट्रेनने तिथे पोचणं जिकिरीचं, गाडीच हवी. दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरचंच हे काम आहे: उंच खांबावर कमळ, पायाशी दोन वाघ, गोल भिंतीवर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं. खांबाच्या पायथ्याशी देवनागरी अक्षरं दिसली आणि मी उगाच इकडेतिकडे बघितलं.

भिंतीवर आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, नावं शोधा. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी ४७ व्या शिखांबरोबर हे गाव घरोघर लढून जवळजवळ घेतलं होतं, पण पाठीमागून कुमक आली नाही आणि मागे फिरावं लागलं. तारीख होती २८ ऑक्टोबर १९१४. क्वीन्स क्लबच्या सामन्याच्या बरोबर दोन वर्षं आधी.

२५ एप्रिलच्या आसपास, म्हणजे अँझॅक दिनाला (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या युद्धमृतांचा स्मरणदिन), फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोनो गावच्या पहाटेच्या कार्यक्रमासाठी ऑस्ट्रेलियन माणसं या बाजूला लोटतात. तो बघायचा नसेल तर आधीचा आठवडा बरा. छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, वारा फार. आणि जुने बूट घाला. आमच्या बुटांची माती मेलबर्न विमानतळावर कस्टम्सने ब्रशने काढायला लावली.